झोपाळा वैशाखातच का तडकतो?
वाचकांचे प्रश्न, सुतारमंडळाची उत्तरं

गेल्या अंकात आमच्या बडोद्याच्या हौशी सुतारमंडळाबद्दल अर्धं पान छापून आलं. महिन्यातून एका रविवारी कारेलीबागेत एका सभासदाच्या जुन्या गाडीखान्यात आम्ही जमतो, आपापल्या हातानं लाकूडकाम करतो आणि नव्या माणसाला शिकवतो, एवढाच त्यातला मजकूर. त्यावर पत्रांचा गठ्ठा आला. संपादकांनी तो माझ्याकडे सरकवला, कारण मंडळात सगळ्यात जास्त बोलणारा मीच. माझी ओळख थोडक्यात सांगतो. ३४ वर्षं मकरपुऱ्याच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. धातू ओतायच्या आधी वाळूत ठसा उमटवायला वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो मी करायचो. पिढीजात सुतार नव्हे. तेव्हा चूक काढायची असेल तर जरूर काढा, आमच्याकडे त्यासाठी वेगळं टेबल आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

'चांगला मिस्त्री सुचवा, नंबर द्या' अशी नऊ पत्रं आहेत. ती बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये ह्यांनी हौसेनं झोपाळा केला. माझ्या आजोळच्या घराच्या सागवानी फळ्या होत्या, त्यातल्या दोन जोडल्या, खालून दोन आडव्या पट्ट्या फेव्हिकॉल आणि स्क्रू लावून पक्क्या केल्या. पॉलिशही सुरेख झालं. एप्रिलच्या शेवटी भर दुपारी मोठा आवाज झाला आणि फळी हातभर तडकली. शेजारचे म्हणतात लाकूडच खराब. सत्तर-ऐंशी वर्षांचं लाकूड आता कसं खराब होईल? (एक वाचक भगिनी, मांजलपूर)

ताई, लाकूड निर्दोष आहे. यजमानांचाही दोष अर्धाच, कारण त्यांनी जे केलं ते नव्वद टक्के लोक करतात आणि त्यात मीही होतो.

लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतलं पाणी घेणं आणि सोडणं थांबवत नाही. बडोद्याची हवा तर आपल्याला ठाऊकच आहे. श्रावणात मिठाच्या बरणीत ढेकळं होतात आणि वैशाखात गच्चीवर टाकलेला पापड चहा पिऊन येईपर्यंत कडक होतो. लाकूडही तेच करतं. फरक इतकाच, की लांबीत ते जवळजवळ हलत नाही, सगळी हालचाल रुंदीत होते. त्यातही फळी कशी चिरली आहे त्यावर हालचालीचं माप ठरतं. आडव्या चिरलेल्या फळीत, म्हणजे जिच्यावर डोंगरासारख्या कमानी दिसतात तिच्यात, ही हालचाल उभ्या सरळ रेघांच्या फळीच्या जवळजवळ दुप्पट असते. तुमच्यासारखी १८ इंच रुंदीची सागाची बैठक पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तीन-चार मिलिमीटर सहज आकसते. साग त्यातल्या त्यात शहाणा, बाभूळ किंवा आंबा असता तर याहून जास्त.

आता खालच्या पट्ट्या बघा. त्या फळीला आडव्या बसवल्या आहेत, म्हणजे त्यांची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेनं जाते. पट्टी लांबीत आकसणार नाही. वरची फळी आकसायला बघते, खालची पट्टी डिंक आणि स्क्रूंच्या जोरावर तिला सोडत नाही. आठ महिने ही ओढाताण चालली आणि एका कोरड्या दुपारी फळीनं जिथं कच्चं होतं तिथून फाटून स्वतःची सुटका करून घेतली. मजबुतीसाठी म्हणून जे केलं तेच नडलं.

माझा पहिला झोपाळा असाच तडकला. सासूबाई त्यावर बसून वर्षाची चिंच फोडत होत्या. बंदुकीसारखा आवाज झाला. त्या शांतपणे उतरल्या, पाटी उचलली आणि म्हणाल्या, "जावईबापू, हा आवाज तुमच्या झोपाळ्याचा की माझ्या वजनाचा?" मला हसूही येईना. कारण आमच्या धंद्यात दिवसभर आकसण्याचाच हिशेब असतो. बीड ओतलं की थंड होताना एका फुटाला साधारण १/८ इंच आकसतं, स्टील त्याच्या दुप्पट. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. पॅटर्नमेकरच्या फुटपट्ट्याच मुळी मोठ्या असतात, त्यांच्यावरचा फूट हा खऱ्या फुटापेक्षा तेवढा जास्त असतो. बिडाची पट्टी वेगळी, स्टीलची वेगळी. असल्या पट्ट्या खिशात घेऊन फिरणारा मी, घरी लाकूड आकसेल हे विसरलो.

दुरुस्ती होते. पट्ट्या काढा. स्क्रू निघतील, डिंक निघणार नाही, तेव्हा पट्टी पटाशीनं कपचे काढत फोडून टाका, फळीला धक्का लावू नका. तड सरळ असेल तर फळी त्याच रेषेवर चिरून दोन्ही कडांवर रंधा मारा, उजेडाकडे धरून फट दिसत नाही ना बघा आणि शिकंज्यात आवळून पुन्हा जोडा. या सांध्याला डिंक चालतो, कारण दोन्ही बाजू एकाच दिशेनं हलतात. नव्या पट्टीला मात्र डिंकाचा थेंबही नको. मधला एक स्क्रू घट्ट. कडेच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं पाच-सहा मिलिमीटर लांबट करा आणि वॉशर घालून बेतानंच आवळा, म्हणजे स्क्रू भोकात सरकू शकेल. कड्यांचे बोल्ट फळीतून जात असतील तर त्यांच्या भोकांनाही थोडी ढील द्या.

आणि ती तडकलेली फळी दुरुस्त करायच्या आधी एकदा आमच्याकडे घेऊन या. पेट्रोल आमच्याकडून.

प्रश्न : तुम्ही जमून नेमकं करता काय? बायकांना प्रवेश आहे का? माझं वय ५८, हातात सुरीशिवाय कधी हत्यार धरलेलं नाही. (रावपुरा)

या. सुरी धरता येत असेल तर अर्धं काम झालं, धार म्हणजे काय हे तुम्हाला आमच्या बँकवाल्या सभासदापेक्षा जास्त कळत असणार.

मंडळात एक दंतवैद्य आहेत, त्यांचा हात इतका हलका की ड्रिल चालू आहे हे लाकडाला कळत नाही. फाइन आर्ट्सची एक मुलगी आहे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, दोन गृहिणी आहेत. आणि आमचे गुरू, व्यवसायानं मिस्त्री, गुजराती. ते मराठी समजतात पण बोलतात गुजरातीच, आणि आम्ही उलट. तरी भांडणं नीट होतात. कुसवाला, म्हणजे सांध्यात खाचेत घुसणाऱ्या जिभेला, ते 'साल' म्हणतात, पटाशीला 'फरसी'. त्यामुळे पहिल्यांदा आलेल्या माणसाला "फरसी आप" म्हटलं की तो जमिनीकडे बघतो.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी काही बनवू देत नाही. दगडावर पाणी टाकून पटाशीला धार लावायची, तिरपाव २५ ते ३० अंशांच्या मधे, आणि मनगटावरचे केस निघेपर्यंत घरी जायचं नाही. दुसऱ्या खेपेला गुण्या धरून रेघ मारून त्या रेघेवर करवत चालवायची. तिसऱ्या खेपेला पाट. चार कोपरे काटकोनात आले तर पाट, नाही आले तर तो चुकांच्या टेबलावर.

ते टेबल ही आमच्या सभेतली खरी गंमत. तयार वस्तू दाखवायला कोणीही उभं राहतं, पण आमचा नियम असा की आधी बिघडलेली वस्तू दाखवायची. मागच्या महिन्यात तिथं एक देव्हारा होता, त्याचं शिखर बसवल्यावर लक्षात आलं की दारं उघडत नाहीत. एक विळीचा पाट होता, दिसायला देखणा, पण पातं उजवीकडे आणि करणाऱ्याची बायको डावरी. रेल्वेवाल्या काकांनी नातवासाठी घोडा केला आहे, तो झुलतो पण फक्त मागे. दंतवैद्यांनी त्याच्या पायाखालची कमान तपासून रोगनिदान केलं : मागचा उतार जास्त. अर्धा तास आम्ही त्या घोड्याभोवती उकिडवे बसलो होतो.

हत्यारांची पूजा वर्षातून दोनदा होते. आम्ही मराठी माणसं खंडेनवमीला करतो. मिस्त्री म्हणतात विश्वकर्मा जयंती माघ सुद तेरसेलाच, आमच्याकडे तीच. वाद मिटला नाही, पण त्यामुळे प्रत्येक रंध्याला वर्षातून दोन वेळा तेल मिळतं, तेव्हा आम्ही तो मिटवायच्या भानगडीत पडत नाही.

प्रश्न : गावाकडचं वडिलोपार्जित घर पाडायचं ठरलं आहे. तुळया, खांब, दारं सगळं जुनं लाकूड आहे. भंगारवाला एकगठ्ठा रक्कम सांगतो. ती बरोबर आहे हे कसं ओळखायचं? (दांडिया बाजार)

एकगठ्ठा रक्कम ऐकली की आधी टेप काढा. लाकूड घनफुटावर विकलं जातं आणि हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ नं भागा. १० फूट लांब, ६ इंच रुंद, ५ इंच जाड तुळई म्हणजे २ घनफुटांहून थोडी जास्त. अशा किती आहेत ते मोजा, वहीत लिहा, मग घनफुटाचा भाव विचारा. वही बघितली की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

सगळंच साग असेल असं धरू नका. खांब सागाचे आणि वरचे वासे भलत्याच लाकडाचे, असं पुष्कळदा निघतं, कारण बांधणारानंही पैसे वाचवले होते. न दिसणाऱ्या जागी पटाशीनं एक कपची उडवा. आत सोनेरी तपकिरी रंग, बोटाला किंचित तेलकट, आणि नव्या चामड्यासारखा उग्र वास आला तर साग. कडेला फिकट पांढरा पट्टा असेल तर तो झाडाचा बाहेरचा भाग. किडा लागतो तो तिथंच. भोकं जुनी असतील तर हरकत नाही. टिचकी मारल्यावर मैद्यासारखी पांढुरकी पूड खाली पडली तर किडा आजही जेवतो आहे. तो भाग तासून काढा आणि उरलेल्याला बोरॅक्स-बोरिकचं पाणी द्या.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून करा. खिळे. जुन्या तुळईत डोकं तुटलेला खिळा लाकडाच्या रंगाचा होऊन बसलेला असतो. मी एक तुळई चिरायला सॉ-मिलवर नेली होती, लोहचुंबक फिरवून, चौदा खिळे उपटून, छाती पुढे काढून. पंधरावा आत होता. ठिणगी उडाली, करवतीच्या पट्ट्याचे दात गेले, आणि गिरणीवाल्यानं मला जे ऐकवलं ते या मासिकात छापता येणार नाही. नव्या पट्ट्याचे पैसे मीच दिले.

विकायची घाई नसेल तर दोन खांब ठेवून घ्या. नुसते आठवण म्हणून म्हणत नाही, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड पैसे टाकूनही सहज मिळत नाही. आणि घर पाडताना सांधे नीट बघा, कुठे कुसू आहे, कुठे पाचर आहे, कुठे नुसतं वजनावर बसवलंय. आम्ही मंडळाचे सगळे एकदा तांबेकर वाड्यात गेलो होतो. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा तो १९व्या शतकातला वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. लोक तिथली भिंतीवरची चित्रं बघायला जातात. आम्ही चौदा जण माना वर करून छताच्या तुळया बघत होतो. पहारेकऱ्याला शेवटपर्यंत संशय होता.

प्रश्न : २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात तीन फूट चढलं होतं. सागवानी कपाट आणि प्लायचं कपाट दोन्ही भिजली. सागवानी कपाटाचे खण अजून अडकतात आणि पॉलिशवर पांढरे डाग आहेत. प्लायचं तर फुगूनच गेलं. आता काय वाचेल? (समा)

सागवानी वाचेल. प्लायचं विसरा.

प्लायवर शिक्का असतो तो बघा. आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय, तो ओलाव्याला थोडाफार टिकतो, पाण्यात उभा राहत नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन, त्याचा डिंकच वेगळा, तो उकळत्या पाण्याच्या परीक्षेतून गेलेला असतो. पार्टिकल बोर्ड तर लाकडाचा भुसा दाबून केलेला, पाणी लागलं की त्याचा उपमा होतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी निदान खालचे दोन-अडीच फूट तरी ७१० वापरावा, किंवा कपाटाला फरशीच्या तुकड्यांचे पाय द्यावेत.

सागवानी कपाटाचे खण ओढून तोडू नका. मागची पाठ काढा, मागून बोटांनी ढकला. बाहेर आलेले खण सावलीत, पंख्याखाली, खाली दोन पट्ट्या घालून ठेवा. उन्हात ठेवलेत तर एक बाजू आधी वाळेल आणि खण होडीसारखा वाकेल. आत मातीचा गाळ राहिला असेल तर तो आधी ओल्या फडक्यानं काढा, बुरशी आणि वास त्याचाच. खण पूर्ण वाळल्यावरच रंधा मारायचा. लोक इथंच घाई करतात : पावसाळ्यात अडकतो म्हणून तासतात आणि उन्हाळ्यात तोच खण खुळखुळतो. तुमचे खण अजून अडकतायत म्हणजे तळाशी गाळ तरी आहे किंवा सांधा तरी सुटलाय. जुन्या कपाटात सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक, वापरलेला असतो, तो पाण्यानं सुटतो. ही चांगलीच गोष्ट समजा, सुटलेला सांधा धुऊन पुन्हा जोडता येतो. फेव्हिकॉलचा सांधा सुटला तर आधी जुना डिंक खरवडून काढावा लागतो.

पांढरे डाग म्हणजे लाखेच्या पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा. स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेलं सुती फडकं हलक्या हातानं, थांबू न देता, एकदाच फिरवा. फडकं एका जागी थांबलं तर पॉलिशच निघेल. नाहीच जमलं तर नवं पॉलिश. पॉलिशचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, जवसाचं तेल वापरत असाल तर ती चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेटतो. आमच्याकडे चिंध्या दोरीवर पसरून वाळवतात, मगच कचऱ्यात.

प्रश्न : संखेड्यासारखं काम घरी करता येईल का? छोटा लेथ घेतला आहे. (अलकापुरी)

कातकाम, म्हणजे लेथवर लाकूड फिरवत त्याला गोल आकार देणं, करता येईल. संखेड्यासारखं नाही, निदान लगेच नाही.

आम्ही मंडळाची सहल संखेड्याला नेली होती, ओरसंग नदीच्या काठचं गाव. मरून आणि सोनेरी रंगाचे ते झोपाळे आणि खुर्च्या सगळ्या गुजरातेत लग्नात दिल्या जातात. आमच्या घरातही एक बाजलं आहे. पण ते सोनं नसतं, कथील असतं. कथलाची पूड डिंकात कालवून ब्रशनं नक्षी काढायची, वाळल्यावर अकीक दगडानं घासून चकाकी आणायची. तोवर ती चंदेरी दिसते. मग शेगडीशेजारी लेथवर खुर्चीचा तो पाया फिरत राहतो आणि कारागीर लाखेची कांडी त्यावर टेकवत जातो. गरमीनं लाख वितळून वर पातळ पिवळसर थर बसला की चंदेरी नक्षी आपल्यासमोर सोनेरी होते. शेवटी केवड्याच्या पानानं घासतात. आम्ही बघत होतो त्या आजोबांनी पान फिरत्या लाकडाला लावलं आणि दोन-तीन सेकंदांत त्यात खिडकी दिसायला लागली. फाइन आर्ट्सच्या मुलीनं पान मागून घेतलं, मला वाटतं अजून तिच्या वहीत आहे.

घरी आल्यावर आम्ही करून बघितलं. लाख जळली. शेगडी जवळ धरली तर बुडबुडे, लांब धरली तर लाख चिकटेचना. हे अंतर त्या आजोबांच्या हातात आहे, कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही लाटण्यापासून सुरुवात करा, मग मुसळी, मग खुर्चीचा एक पाया. एक पाया कोणालाही येतो, दुसरा त्याच्यासारखा करताना कस लागतो. गुजरातीत लेथला संघेडो म्हणतात आणि एखादी गोष्ट अगदी नीटस, घडीव असली की तिला 'संघेडाउतार' म्हणतात. आमचे मिस्त्री हा शब्द फार जपून वापरतात. मला अजून मिळालेला नाही.

लेथवर काम करताना हातमोजे घालू नका, लोकांना उलट वाटतं. फिरत्या लाकडानं मोज्याचा धागा धरला की आत बोट असतं. चष्मा घाला, बाह्या दुमडा, ताईंनी ओढणी खुंटीला टांगावी.

चार लहान प्रश्न, चार लहान उत्तरं

पोळपाटाला कोणतं पॉलिश? कोणतंच नाही. पोळ्या करत राहा.

लाकडी हत्तीची सोंड कोरताना तुटली, कोणता डिंक? डिंकाचा दोष नाही, रेषा आडव्या आल्या. सोंड ज्या दिशेनं जाते त्याच दिशेनं लाकडाची रेषा जायला हवी.

अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी चक्र लावू का? नाही. पुन्हा विचारू नका.

हे निवृत्त झाले, आता लाखभराची मशिनं घ्यायची म्हणतात, काय करू? दोन पटाश्या, एक करवत, एक रंधा, एक गुण्या आणि एक चांगला दगड घेऊन द्या. सहा महिन्यांनी दगड झिजलेला दिसला तर मशिनांबद्दल बोलू.

प्रश्न : मुलगा दहावीला जेमतेम पास झाला. हात चांगला आहे, सुतारकाम शिकायचं म्हणतो. घरात सगळे नाराज आहेत. (फतेगंज)

नाराज सगळ्यांना विचारा, घरातलं शेवटचं फर्निचर करताना मिस्त्रीच्या किती मागे लागावं लागलं. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याला आठवी पासही चालते. तो करू द्या, पण त्याच्याबरोबर ड्रॉइंग आणि हिशेब पक्के करून घ्या, कारण काम येणारे पुष्कळ आहेत, नकाशा वाचून अंदाजपत्रक देणारे थोडे. हे शहर हातकाम शिकवण्यात मागं नव्हतं. सयाजीरावांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं, दादासाहेब फाळके तिथं शिकले. तुमच्या मुलाला रविवारी पाठवून द्या. तो रेघेवर करवत चालवतो का ते मी बघतो. खोटं कौतुक करणार नाही, एवढं घरच्यांना सांगा.

प्रश्न : माळा आवरताना आजोबांचा लाकडी रंधा सापडला. पातं गंजलंय, पाचर घट्ट बसली आहे. हातोडीनं पाचर काढायला गेलो तर तिचा एक कोपरा उडाला. शोभेची वस्तू म्हणून ठेवू की चालेल तो अजून? (वाडी)

चालेल. हातोडी खाली ठेवा.

लाकडी रंध्याचं पातं काढताना पाचरीवर मारायचं नसतं. रंधा डाव्या हातात धरा, अंगठा आत घालून पातं आणि पाचर दोन्ही सांभाळा, आणि लाकडी मोगरीनं रंध्याच्या मागच्या टोकावर, लाकडावर, एक ठोका द्या. पाचर आपोआप ढिली होते. पातं पुढं घ्यायचं असेल तर पात्याच्याच डोक्यावर अगदी हलकी टिचकी. आजोबांच्या रंध्याच्या मागच्या टोकाला बहुतेक खोलगट डाग पडलेला असेल. तो त्यांच्या मोगरीचा. तिथंच मारा.

गंज दगडावर निघेल, सपाट बाजू आधी. आरशासारखी होईपर्यंत एक संध्याकाळ जाईल. रंध्याचा तळ काचेवर सँडपेपर चिकटवून सपाट करा, फार नाही, लाकूड झिजवलंत तर तोंड रुंद होतं. पाचरीचा उडालेला कोपरा राहू द्या, तिथं ताकद लागत नाही. मग पातं इतकंच बाहेर काढा की तळावरून नजर टाकली तर काळ्या केसासारखी रेघ दिसेल, आणि सागाच्या एखाद्या तुकड्यावर रेषेच्या दिशेनं चालवून बघा.

पहिला छिलका निघाला की तो पाकिटात घालून आमच्याकडे पाठवा, दुमडू नका. एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असेल तर पातं वाकडं बसलंय, कुठल्या बाजूला टिचकी मारायची ते मी उलट टपालानं कळवतो.